हॅम्बुर्ग : राटहाउस ते एल्बफिलहार्मोनी

अंतर जेमतेम दोन-अडीच किलोमीटर, पण अर्धा दिवस हाताशी ठेवा.

सुरुवात 1897 मध्ये पूर्ण झालेल्या राटहाउसपासून, म्हणजे नगरसभागृहापासून. जवळच सेंट निकोलाय चर्चचे अवशेष आहेत. त्याचा 147 मीटरचा मनोरा 1874 ते 1876 या काळात जगातली सर्वांत उंच वास्तू होता. 1943च्या बॉम्बहल्ल्यांत चर्च उद्ध्वस्त झालं, मनोरा मात्र उभा राहिला. लिफ्टने 76 मीटरपर्यंत जाता येतं. इथे घाई करू नका.

पुढे कालवा ओलांडला की श्पायखरश्टाट. लाकडी खांबांच्या पायावर उभी लाल विटांची ही गोदामं कॉफी, मसाले, गालिचे साठवण्यासाठी बांधली गेली. त्यासाठी सुमारे 20,000 रहिवाशांना घरं सोडावी लागली. 2015 पासून हा जागतिक वारसा आहे.

त्याला लागूनच जुन्या बंदराच्या जागेवर वसलेलं हाफेनसिटी. पुराच्या भीतीने इथले नवे रस्ते उंचावर बांधलेत. शेवटचा थांबा एल्बफिलहार्मोनी, जुन्या गोदामावर चढवलेलं काचेचं संगीतगृह (2017). मैफलीचं तिकीट नसलं तरी 37 मीटर उंचीवरच्या सज्जात जरूर जा. तिथून बंदर आणि जुन्या शहराचे मनोरे एकाच फेरीत दिसतात.