गळकी पेट्रोल टाकी आणि तिची दुरुस्ती

फोक्सवॅगन बीटल या मोटारीचे इंजिन मागे असले, तरी पेट्रोलची टाकी पुढच्या बॉनेटखाली, चालकाच्या पायांच्या अगदी जवळ असते. त्यामुळे २००३ साली मेक्सिकोतील पुएब्ला येथे उत्पादन थांबल्यानंतरही हौसेने जपल्या जाणाऱ्या या मोटारींत टाकीची गळती हा थेट जिवाशी संबंधित प्रश्न ठरतो.

पोलादी पत्र्याचे साच्यात दाबून घडवलेले दोन भाग कडेने सांधून ही टाकी बनते. बाहेर दिसणाऱ्या छिद्राची सुरुवात बहुधा आतून झालेली असते. गाडी दीर्घकाळ उभी राहिली, की टाकीतील मोकळ्या जागेतले बाष्प पत्र्यावर थेंबरूपाने जमते आणि पेट्रोलपेक्षा जड असलेले हे पाणी तळाशी साचून पत्रा गंजवते. इथेनॉलमिश्रित पेट्रोल काही प्रमाणात पाणी सामावून घेते. परंतु ती मर्यादा ओलांडली, की इथेनॉल आणि पाणी एकत्रितपणे वेगळे होऊन तळ गाठतात.

दुरुस्तीतील खरा धोका द्रव पेट्रोलपेक्षा त्याच्या वाफेत असतो. हवेतील वाफेचे प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्के असताना ठिणगीने स्फोट होतो आणि नुकत्याच रिकाम्या केलेल्या टाकीत हे प्रमाण सहज जुळून येते. म्हणून टाकी गाडीतून उतरवून, साबणाच्या गरम पाण्याने वारंवार धुऊन, आत पाणी किंवा कार्बन डायऑक्साइडसारखा न पेटणारा वायू भरून वाफेला जागाच उरू न देणे, हा या कामाचा मोठा भाग होय.

बारीक छिद्राला डाग देतात, म्हणजे कथील व शिशाचा मिश्रधातू वितळवून ते बुजवतात. हा मिश्रधातू सुमारे १८३ अंश सेल्सिअसला वितळू लागतो आणि तांब्याची कावी, म्हणजे डाग देण्याचे अवजार, टाकीपासून दूर तापवून आणता येत असल्याने उघडी ज्योत टाळता येते. तरीही आधीची स्वच्छता चुकत नाही. छिद्र मोठे असल्यास पत्र्याचे ठिगळ लावतात. नंतर टाकीत अगदी कमी दाबाची हवा भरून सांध्यांवर साबणाचे पाणी लावले, की राहिलेली गळती बुडबुड्यांतून कळते.

आतून एपॉक्सीचा, म्हणजे घट्ट होणाऱ्या कृत्रिम राळेचा, थर देण्याचीही पद्धत आहे. मात्र सुटा गंज फॉस्फरिक आम्लाने आधी काढला नाही, तर थराचे पापुद्रे सुटून इंधनाची नळी तुंबते. तळाचा पत्रा सर्वत्र पातळ झाला असेल, तर एक छिद्र बुजवल्यावर शेजारी दुसरे पडते आणि अशा वेळी नवी टाकी बसवणे हाच शहाणपणाचा निर्णय ठरतो.