बेटाचा सल्लागार आणि बीडचं शिवार

समजा उद्या तुवालू नावाच्या देशाने आपल्या कॉलेजला पत्र पाठवलं, "समुद्र वर येतोय. हवामान बदलाशी लढायला जगात पैसा ठेवलाय असं ऐकतो. तो आम्हाला कसा मिळेल, एवढं सांगा." पॅसिफिक महासागरातला हा देश म्हणजे नऊ लहान बेटं आणि सुमारे अकरा हजार माणसं. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या बाजारगावाएवढी वस्ती! काय सल्ला द्याल?

मला हा प्रश्न परका वाटत नाही. मी बीड जिल्ह्यातला, सिव्हिलचा विद्यार्थी. समुद्र आपल्यापासून शेकडो किलोमीटर लांब. त्यांना पाणी जास्त झालंय, आपल्याला कमी पडतंय. पण पैशाच्या रांगेत दोघांची अडचण एकच आहे : गरज मोठी आणि कागद तयार करणारे हात थोडे.

पैसा आहे कुठे?

२००९ मध्ये कोपनहेगनला श्रीमंत देशांनी कबूल केलं, की २०२० पर्यंत दरवर्षी १०० अब्ज डॉलर गरीब देशांसाठी उभे करू. हा आकडा गाठला गेला २०२२ मध्ये, म्हणजे दोन वर्षं उशिरा. २०२४ च्या बाकू परिषदेत नवा आकडा ठरला : २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज. ऐकायला छान वाटतं, पण यातला मोठा भाग कर्ज असतो, अनुदान नव्हे. म्हणून सल्लागाराचा पहिला प्रश्न 'किती मिळणार?' हा नसावा, 'परत करायचे का, आणि कोणी?' हा असावा.

पायरी पहिली : पुरावा

यासाठीचा सर्वात मोठा फंड म्हणजे ग्रीन क्लायमेट फंड. त्याचं ऑफिस दक्षिण कोरियात सोंगदोला आहे. तिथे नुसती गरिबी दाखवून भागत नाही. नुकसान हवामान बदलामुळे होतंय, हे आकड्यांनी पटवून द्यावं लागतं.

आता आपल्याकडे बघा. २०१५ मध्ये पाण्याअभावी परळीचं औष्णिक वीज केंद्र बंद पडलं. केज तालुक्यात धनेगावला असलेलं मांजरा धरण कोरडं पडलं आणि २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. सप्टेंबर २०२५ मध्ये उलटंच झालं, त्याच मराठवाड्यात पुराने शेतं खरवडून नेली. पण या झाल्या बातम्या. समोरचा विचारणारच, "दुष्काळ तुमच्याकडे १९७२ लाही होता, मग नवीन काय?" त्याला उत्तर द्यायला तीस-चाळीस वर्षांच्या नोंदी लागतात : पावसाचे दिवस किती, दोन पावसांतला खंड किती, एका दिवसात पडला किती.

इथेच घोडं अडतं. पावसाची सरकारी नोंद महसूल मंडळाच्या पातळीवर होते. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला तर अतिवृष्टी. मंडळात गावं अनेक, यंत्र एका ठिकाणी. यंत्राजवळ ६० पडला आणि तुमच्या शिवारात ९०, तरी कागदावर ६०च!

पायरी दुसरी : खिडकी

सोंगदोच्या फंडाकडे कोणीही उठून अर्ज करू शकत नाही. त्यांनी मान्यता दिलेल्या संस्थेमार्फतच जावं लागतं. भारतात नाबार्डला ही मान्यता २०१५ मध्ये मिळाली. तुवालूला २०१६ मध्ये किनारा वाचवण्यासाठी ३ कोटी ६० लाख डॉलर मंजूर झाले, तेही संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमामार्फत. म्हणून सल्ला असा, की प्रस्ताव लिहायच्या आधी खिडकी शोधा.

आपल्या गावांसाठी अशी एक खिडकी म्हणजे 'पोकरा', अर्थात नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प. २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या ४२ कोटी डॉलरच्या कर्जातून तो सुरू झाला. १५ जिल्ह्यांतली पाच हजारांवर गावं त्यात होती, बीडचीही होती. हे कर्ज सरकारच्या डोक्यावर, शेतकऱ्याला मात्र अनुदान. पहिला टप्पा २०२४ मध्ये संपला. दुसऱ्या टप्प्यात २१ जिल्हे असून बीड त्यातही आहे.

पायरी तिसरी : ताळेबंद

पोकरात गावाने सूक्ष्म नियोजन करायचं असतं आणि त्याचा पाया म्हणजे पाण्याचा ताळेबंद. हे गणित आपल्याला फर्स्ट इयरलाही जमेल.

समजा शिवार ५०० हेक्टर आणि पाऊस ६५० मिलिमीटर. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर पाणी. म्हणजे वर्षाचं एकूण पाणी ३२.५ लाख घनमीटर. यातलं बरंचसं वाफ होऊन जातं, काही ओढ्याने वाहून जातं, थोडंच मुरतं. आता त्याच शिवारात ४० हेक्टर ऊस धरा. उसाला ढोबळमानाने २००० मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे ८ लाख घनमीटर. जमीन फक्त ८ टक्के, पण पाणी सगळ्या शिवारावर पडलेल्या पावसाच्या जवळजवळ चौथ्या हिश्शाएवढं! हा आकडा पारावर फळ्यावर लिहिला, की शेततळं कुठे, ठिबक कुणाला आणि बांध कुठे घालायचा, या चर्चेची तऱ्हाच बदलते.

पायरी चौथी : आधी कोणाच्या खिशातून?

सर्वात अवघड पायरी हीच. पोकरात शेतकरी ऑनलाइन अर्ज करतो, सरपंचांच्या अध्यक्षतेखालची गावसमिती मान्यता देते, मग पूर्वसंमती येते. पुढे काम स्वतःच्या पैशाने करायचं, बिलं अपलोड करायची, तपासणी व्हायची आणि मग अनुदान खात्यावर. कागदावर ही पद्धत चोख आहे, मधल्यामध्ये पैसे खाणारा कोणी राहत नाही. पण उचल घेऊन दिवाळीनंतर कोयता उचलणारा माणूस आधी खर्च कुठून करणार? ज्याला सर्वात जास्त गरज, तोच दारात अडतो. त्यामुळे बेट असो वा वस्ती, आधीच्या खर्चाची सोय, म्हणजे बँक, बचत गट किंवा शेतकरी गट, योजनेतच लिहून ठेवा. नाहीतर पैसा मंजूर होतो आणि पडून राहतो.

मग आपण काय करायचं?

तुवालूचं पत्र काही येणार नाही, पण गाव समोरच आहे. रा. से. यो. च्या सात दिवसांच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, भिंती रंगवतो. त्याच सात दिवसांत सिव्हिलवाल्यांनी शिवाराचा ताळेबंद मांडावा. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी शाळेच्या गच्चीवर पर्जन्यमापक बसवून पोरांना नोंद ठेवायला शिकवावं. सरकार ती नोंद लगेच मानणार नाही, पण गावाच्या नियोजनाला ती आजपासूनच कामी येईल. कॉम्प्युटरवाल्यांनी म्हाताऱ्या माणसांचे अर्ज भरून द्यावेत आणि कुठे अडकलेत ते बघावं.

याला मोठी अक्कल लागत नाही, चिकाटी लागते. जगातल्या अब्जावधी डॉलरची वाट शेवटी एका सातबाऱ्यापाशी, एका बिलापाशी आणि पावसाच्या एका नोंदवहीपाशी येऊन थांबते. त्या टोकाला उभं राहायला आपल्याइतकं जवळ दुसरं कोण आहे?