काचेपलीकडची प्रयोगशाळा

मुलांनो, अंबरनाथच्या बुवापाड्यात राहणारे एखादे आजोबा लोकलचे तिकीट काढण्यासाठी स्थानकावरील यंत्रासमोर उभे आहेत, अशी कल्पना करा. पडद्यावर बोट ठेवावे, तर भलतेच पान उघडते. मागे रांग वाढत जाते. कोणीतरी पुटपुटते. शेवटी आजोबा ओशाळून म्हणतात, "मला अडाण्याला यातले काय कळणार?" आणि ते तिकीट-खिडकीकडे वळतात.

येथे चूक कोणाची? आजोबांची, की यंत्र घडविणाऱ्याची? हा प्रश्न शास्त्रीय रीतीने सोडविणाऱ्या प्रयोगशाळा काही विद्यापीठांत असतात. मनुष्य आणि संगणक यांच्या व्यवहाराचा तेथे अभ्यास होतो.

प्रयोगशाळा म्हटली की परीक्षानळ्या आणि चंचुपात्रे आपल्या डोळ्यांसमोर येतात. येथे त्यांपैकी काहीच नसते. असतात त्या शेजारशेजारच्या दोन खोल्या. पहिल्या खोलीत मेज, खुर्ची आणि संगणक असतो. दुसरीत निरीक्षक बसतात. पुष्कळदा मधल्या भिंतीत एक विशेष काच बसविलेली असते. पहिल्या खोलीत लख्ख उजेड आणि दुसरीत अंधार ठेवला, की उजेडातील माणसाला ती काच आरशासारखी भासते. अंधारातील निरीक्षकाला मात्र तिच्यातून पलीकडचे स्पष्ट दिसते. हल्ली हे काम बहुधा कॅमेरेच करतात.

पाहुण्याला एक साधे काम सांगितले जाते, उदाहरणार्थ, "ठाण्याचे तिकीट काढा." काम करताना मनात जे येईल ते मोठ्याने बोलण्याची त्याला विनंती केलेली असते. तो कोठे थबकला, कोणती कळ चुकून दाबली, किती वेळ लागला, याची निरीक्षक नोंद करतात. ते मध्येच सुचवीत नाहीत, की हसत नाहीत. आपल्याला कोण पाहत आहे, हे पाहुण्याला आधीच सांगून त्याची संमती घेतात. त्याला वाटेल तेव्हा उठून जाण्याची मुभा असते. "परीक्षा यंत्राची आहे, तुमची नव्हे," हे त्याला आवर्जून सांगितले जाते. पाच माणसे एकाच कळीपाशी अडखळली, तर माणसे नव्हे, ती कळ बदलावयाची असते.

या विद्येसाठी आपल्याला परदेशी जाण्याचे कारण नाही. अंबरनाथहून लोकलने कांजुरमार्गला उतरले की पवई जवळच आहे. तेथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत १९६९ साली औद्योगिक अभिकल्प केंद्र स्थापन झाले. त्याने २०१३ साली 'स्वरचक्र' नावाचा कळफलक लोकांना उपलब्ध करून दिला. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर 'क'वर बोट ठेवताच त्याभोवती 'का', 'कि', 'की', 'कु' अशी अक्षरे चक्राकार उमटतात. हवी त्या दिशेला बोट सरकविले की काम झाले. असा कळफलक नुसता कागदावर आखून सिद्ध होत नाही. केंद्रातील संशोधकांनी लोकांना निरनिराळ्या कळफलकांवर मराठी लिहावयास लावून त्यांचा वेग व चुका मोजल्या आहेत.

अनेक माणसे मिळून काम कशी करतात, हेही असेच तपासता येते. अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात १९८०च्या दशकात 'कोलॅब' नावाची एक सभेची खोली होती. तेथे प्रत्येकापुढे संगणक आणि समोर एक मोठा पडदा असे. सर्वांना सदैव अगदी एकच दृश्य दिसावे, असा मूळ नियम होता. प्रत्यक्ष वापरात मात्र तो जाचक ठरला, आणि संशोधकांनी तो सैल केला.

या प्रयोगशाळेलाही एक मर्यादा आहे. कोणी पाहत आहे असे कळले, की माणूस जरा सावरूनच वागतो. म्हणून जाणते संशोधक घरी, बाजारात आणि स्थानकावरही जाऊन निरीक्षण करतात.

यापुढे एखादे आजोबा यंत्रापुढे गोंधळलेले दिसले, तर त्यांना हसू नका. ते कोठे अडले ते नीट पाहा आणि त्यांना मदत करा. कदाचित त्यांचे अडखळणेच उद्याचे यंत्र सुधारण्याची वाट दाखवीत असेल.