जुनी वास्तू पाडण्यापूर्वी : ॲस्बेस्टॉसची तपासणी

मे महिना आला की आपल्या धर्मग्रामांत बांधकामाची लगबग सुरू होते. पाऊस येण्याआधी सभागृहाचे छप्पर बदलायचे असते, शाळेची जुनी शेड पाडून तिथे मजली इमारत उभी करायची असते. समितीच्या बैठकीत नकाशा, अंदाजपत्रक, पालिकेची परवानगी, देणगीदारांची यादी या सर्व गोष्टींवर तासन्‌तास चर्चा होते. पण जे पाडायचे आहे ते कशाचे बनलेले आहे, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

मीही तो विचारला नव्हता. पंचवीसेक वर्षांपूर्वी मी एका धर्मग्रामात साहाय्यक धर्मगुरू म्हणून नुकताच रुजू झालो होतो. तेथील सभागृहावरचे सिमेंटचे पत्रे बदलायचे ठरले. मजुरीचा खर्च वाचावा म्हणून युवक मंडळाची मुले हातोडे घेऊन वर चढली. गंजलेले हुक निघत नाहीत असे दिसताच त्यांनी पत्रे फोडून खाली टाकायला सुरुवात केली. खाली महिला मंडळाच्या भगिनी खराट्याने तुकडे गोळा करीत होत्या. दुपारपर्यंत सर्वांचे केस पांढरे झाले आणि 'आपण सारे एकदम म्हातारे झालो' म्हणून हशा पिकला. मी शिडी धरून उभा होतो आणि मधूनमधून सरबत वाटत होतो. फुटके तुकडे वाया जाऊ नयेत म्हणून पावसाळ्यात चिखल होणाऱ्या वाटेवर ते पसरले गेले. त्या वाटेने पुढे कित्येक वर्षे शाळेची मुले ये-जा करीत होती.

त्या दिवशी चुकीचे काही घडते आहे, असे आमच्यापैकी एकालाही वाटले नाही. त्या मुलांपैकी कोणाला काही झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही. परंतु या विषयात पंचवीस वर्षे हा फार मोठा काळ नव्हे, हे मला नंतर वाचनातून कळले.

ॲस्बेस्टॉस हे खाणीतून निघणारे तंतुमय खनिज आहे. ते जळत नाही, कुजत नाही आणि स्वस्त असते. या गुणांमुळे विसाव्या शतकात जगभरच्या इमारतींत त्याचा मुक्त वापर झाला. पाश्चात्त्य देशांत ते बॉयलरच्या नळांभोवतीच्या वेष्टणात, फरशीच्या टाइल्समध्ये आणि छतावर फवारलेल्या लेपात सापडते. आपल्याकडे ते प्रामुख्याने सिमेंटमध्ये मिसळून आले : नागमोडी पत्रे, पावसाच्या पाण्याचे आणि सांडपाण्याचे करडे पाइप. अशा पत्र्यात साधारण दहा टक्क्यांच्या आसपास ॲस्बेस्टॉस असते, उरलेले बहुतांशी सिमेंट. म्हणूनच आपण त्याला सरळ 'सिमेंटचा पत्रा' म्हणतो आणि त्यातील खनिजाचे नाव विसरून जातो.

हा पत्रा छपरावर धड स्थितीत पडून असेल तर त्यातील तंतू सिमेंटने बांधलेले असतात आणि धोका अल्प असतो. पत्रा फोडला, कापला, भोक पाडले किंवा तो जुना होऊन भुसभुशीत झाला की तंतू सुटतात. डोळ्यांना न दिसणारे हे तंतू हवेत बराच वेळ तरंगतात, श्वासावाटे फुप्फुसात जातात आणि तेथेच रुतून बसतात. त्यातून फुप्फुसे कडक होण्याचा ॲस्बेस्टॉसिस हा विकार, फुप्फुसाचा कर्करोग आणि फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा नावाचा कर्करोग संभवतो. हा शेवटचा रोग वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनीही डोके वर काढतो आणि तो बरा होणे जवळजवळ अशक्यच असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सर्व प्रकारचे ॲस्बेस्टॉस निश्चितपणे कर्करोगकारक ठरविले आहे. १९६५ साली लंडनमध्ये न्यूहाउस आणि थॉम्प्सन या दोघी संशोधकांनी मेसोथेलिओमाच्या रुग्णांचा पूर्वेतिहास तपासला. त्यांत कारखान्यात कधीही पाऊल न टाकलेल्या स्त्रिया आढळल्या. कामगार पतीचे धुळीने माखलेले कपडे घरी धुणे, एवढाच त्यांचा त्या खनिजाशी संबंध होता.

म्हणून पाडकामापूर्वीची तपासणी. ब्रिटनमध्ये ॲस्बेस्टॉसवर १९९९ साली संपूर्ण बंदी आली, त्यामुळे २००० पूर्वीच्या कोणत्याही इमारतीत ते असू शकते असे गृहीत धरले जाते. अमेरिकेत १९७३ पासून या संदर्भात नियम आहेत. १९९० च्या सुधारणेनुसार इमारत पाडण्यापूर्वी वा तिचे नूतनीकरण करण्यापूर्वी मालकाने तिची कसून तपासणी करून घेणे बंधनकारक आहे. लहान घरांना तेथे सवलत आहे, शाळा वा चर्च यांना नाही.

तपासनीस प्रथम कागदपत्रे पाहतो : वास्तू कधी बांधली, भर केव्हा घातली, दुरुस्ती कोणी केली. मग तो एकेका खोलीत जाऊन एकसारख्या दिसणाऱ्या साहित्याचे गट पाडतो. ब्रिटनमध्ये नेहमीच्या वापरातील इमारतीची तपासणी वेगळी आणि पाडकामापूर्वीची वेगळी मानतात. दुसऱ्या प्रकारात इमारत रिकामी करून भिंतीच्या आत, खोट्या छताच्या वर, फरशीच्या खाली, प्रसंगी तोडफोड करूनही पाहावे लागते, कारण पाडताना हे सारे उघडे पडणारच असते. नमुना घेण्याची जागा आधी पाण्याने भिजवतात, तपासनीस योग्य मुखवटा घालतो, लहानसा तुकडा दुहेरी पिशवीत बंद करतो आणि उघडी पडलेली कडा सील करतो. प्रयोगशाळेत ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली तंतू ओळखले जातात. नुसत्या डोळ्यांनी, रंगावरून वा हात लावून खात्रीने सांगता येत नाही. कोणी अनुभवी मिस्त्री तसे सांगत असला तरी त्यावर विसंबू नये.

हे वाचताना मला जुन्या करारातील लेवीय पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायाची आठवण होते. घराच्या भिंतीवर चट्टा दिसला तर याजकाने तपासणीला येण्यापूर्वी घर रिकामे करावे, दूषित दगड आणि खरवडलेला गिलावा नगराबाहेर नेऊन टाकावा, त्या घरात जेवला-झोपला असेल त्याने आपले कपडे धुवावेत, असे तेथे सांगितले आहे. त्या चट्ट्याचा आणि आपल्या विषयाचा अर्थातच काही संबंध नाही. तरीही घराची तपासणी हे एके काळी याजकाचे काम होते, हे वाचून माझ्यासारख्याला शिडीची आठवण येते. असो.

तपासणीला वेळ लागतो, पैसा लागतो. ब्रुसेल्समधील युरोपियन आयोगाचे मुख्यालय असलेली बर्लेमाँ ही इमारत ॲस्बेस्टॉसमुळे १९९१ साली रिकामी करावी लागली आणि २००४ मध्येच ती पुन्हा वापरात आली. (बर्लेमाँ हे नाव त्याच जागी पूर्वी असलेल्या धर्मभगिनींच्या मठाचे, ही जाता जाता सांगण्याजोगी गोष्ट.) भारताचा अनुभव एका जहाजाचा आहे. 'क्लेमेंसो' ही फ्रेंच विमानवाहू नौका मोडण्यासाठी गुजरातमधील अलंगकडे निघाली होती. तिच्यात किती ॲस्बेस्टॉस शिल्लक आहे यावरून वाद उसळला, प्रकरण आपल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि फेब्रुवारी २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी ती माघारी बोलावली. पुढे ती ब्रिटनमध्ये मोडण्यात आली. आत काय आहे याची विश्वासार्ह यादी नसेल तर केवढी नामुष्की ओढवते, याचे हे उदाहरण.

आपल्या देशात ॲस्बेस्टॉसच्या पत्र्यांवर बंदी नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली या उद्योगातील कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान चाळीस वर्षे जपण्याचा आदेश दिला. बंदीची मागणी करणारी याचिका मात्र २०११ मध्ये फेटाळली गेली. पाडकामापूर्वी तपासणी सक्तीची करणारा ब्रिटन-अमेरिकेसारखा स्वतंत्र नियम आपल्याकडे नाही. टाकाऊ ॲस्बेस्टॉसची विल्हेवाट कशी लावावी याविषयी भारतीय मानक ११७६८ हे १९८६ पासून आहे, पण ठेकेदाराच्या हाती ते मी कधी पाहिले नाही.

तेव्हा जबाबदारी आपल्या समितीवर येते. वास्तू मोठी असेल, तिचा इतिहास ठाऊक नसेल, तर नमुने प्रयोगशाळेत तपासून घ्यावेत. तेवढे शक्य नसेल तर जुना सिमेंटचा पत्रा वा पाइप ॲस्बेस्टॉसचाच आहे असे धरून चालावे. त्यात चूक झाली तर थोडा खर्च वाया जाईल, इतकेच. काम सुट्टीत, मुले आवारात नसताना करावे. पत्रे भिजवून, हुक कापून अखंड उतरवावेत. वरून टाकू नयेत, करवत चालवू नये, कोरडा झाडू मारू नये. जुन्या पत्र्यावर थेट पाय देऊन चढणे तर तंतूंचा विषय बाजूला ठेवला तरी जीवघेणे आहे. रुमाल किंवा साधा कापडी मास्क हे तंतू अडवीत नाही. त्यासाठी चेहऱ्यावर घट्ट बसणारा, सूक्ष्म कणांसाठीचा उच्च दर्जाचा मुखवटा लागतो. कामाचे कपडे घरी जाता कामा नयेत. उतरविलेले पत्रे जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून, वर स्पष्ट लिहून, घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्राकडे पाठवावेत. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी येथे अशी केंद्रे आहेत आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात त्याबद्दल विचारणा करता येते.

आणखी एक गोष्ट थोडी अवघड आहे. जुने पत्रे गरजू कुटुंबांना फुकट देण्याची आपल्याकडे रीत आहे. भावना चांगली असते. पण ते पत्रे त्या घरी पुन्हा कापले जातात, त्यांना नवी भोके पडतात, तुकड्यांचा कोंबड्यांचा खुराडा होतो, आणि ती धूळ झाडते ती घरातली बाई. त्यांना द्यायचेच असेल तर नवे, ॲस्बेस्टॉसविरहित पत्रे द्यावेत आणि त्यांची किंमत अंदाजपत्रकात आधीच धरावी. जुने पत्रे कोठे गेले याची पावती ठेकेदाराकडून मागून घ्यावी आणि ती मिळाल्यावरच त्याचा शेवटचा हप्ता द्यावा.