आता आपणही मालक झालो आहोत!

१२ सप्टेंबर २०२४ रोजी रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत साधना नायट्रोकेम या कारखान्यात साठवण टाकीचा स्फोट होऊन तीन कामगार ठार झाले. टाकी मिथेनॉलची होती आणि तेथे वेल्डिंगचे काम चालू होते, असे त्या वेळी वर्तमानपत्रांत आले. त्याच्या आदल्या वर्षी, ३ नोव्हेंबर २०२३ रोजी, महाडच्या ब्ल्यू जेट हेल्थकेअरमध्ये स्फोट आणि आगीत ११ कामगारांचा बळी गेला. ऑक्टोबर २०२२ मध्ये थळच्या आरसीएफमध्ये तीन, सप्टेंबर २०१९ मध्ये उरणच्या ओएनजीसी प्रकल्पात चार. आणि मागे जायचे तर नोव्हेंबर १९९० चा नागोठण्याचा आयपीसीएलचा स्फोट, ज्यात तीसहून अधिक माणसे गेली. उरणच्या खाडीपासून सावित्रीच्या काठापर्यंत रायगडचा किनारा असा जळत आला आहे.

अशा प्रत्येक वेळी आम्ही मोर्चे काढले, निवेदने दिली, मालकवर्गाला जाब विचारला. ते योग्यच होते. पण आज आम्हाला दुसऱ्याच एका मालकाविषयी बोलायचे आहे. तो मालक आपल्याच वस्तीत राहतो, जयंतीची वर्गणी सर्वांत जास्त देतो आणि भेटल्यावर आपल्याला जयभीम करतो.

काही वर्षांपूर्वी असाच एक तरुण आमच्याकडे आला. कारखान्यांतील टाक्या साफ करण्याचे आणि रंगकामाचे ठेके घेणारा. त्याच्याकडे सहा-सात मुले कामाला. त्यातला एक टाकीत उतरला आणि वर आलाच नाही. "वकीलसाहेब, एक ॲफिडेव्हिट करून द्या. त्याला उतरू नको म्हणून सांगितलं होतं, तो स्वतःच्या मर्जीनं उतरला, असं लिहा. त्याची बायको सही करायला तयार आहे." बाहेर बाकावर ती बाई बसली होती, मांडीवर पोर घेऊन. मेलेला मुलगाही आपल्याच समाजाचा होता.

आम्ही ते ॲफिडेव्हिट केले नाही. त्याला सांगितले, बाबा रे, हा कागद कायद्याने कवडीमोलाचा आहे. कामगाराने सूचना मोडली, हा बचाव नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्यात मृत्यूच्या प्रकरणात चालतच नव्हता. आज त्या कायद्याची जागा घेतलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही चालत नाही. तो म्हणाला, "पण साहेब, मी कुठला मालक? मालक तर कंपनी. मी साधा ठेकेदार!"

याच वाक्याला उत्तर देण्यासाठी हा लेख आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रम संहिता लागू झाल्या आणि १९४८ चा कारखाने कायदा इतिहासजमा झाला. त्याच्या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता आली. या संहितांमुळे कामगारांचे काय गेले, यावर आमचे आक्षेप आहेत आणि ते आम्ही मांडत राहू. पण एक गोष्ट त्यात स्पष्ट लिहिली आहे. मालक कोण, याच्या व्याख्येत कंत्राटदारसुद्धा आहे. म्हणजे कंपनी जबाबदार आहेच, पण तुम्हीही सुटत नाही. कामाची जागा धोक्यापासून मुक्त ठेवणे, नेमणूक पत्र देणे, नियमात सांगितलेल्यांची वार्षिक आरोग्य तपासणी मोफत करणे, ही मालकाची कर्तव्ये आहेत. सुरक्षेसाठी केलेल्या कशाचाही पैसा कामगाराकडून घेता येत नाही. मग पहिल्या पगारातून हेल्मेट आणि बुटांचे पैसे कापणारे आमचे बांधव कोणत्या कायद्याने कापतात? कर्तव्य मोडल्यामुळे कामगाराचा जीव गेला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. त्या दंडाचा निम्मा तरी भाग वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते.

आता प्रत्यक्ष कामाचे बोलू. मिथेनॉलची वाफ अकरा-बारा अंश तापमानालाच पेट घेण्याजोगी होते. कोकणात भर थंडीतल्या दुपारीही हवा त्याहून गरम असते. म्हणजे रिकामी दिसणारी टाकी रिकामी नसते, तिच्यात वाफ भरलेली असते. त्यातून मिथेनॉलची ज्योत उजेडात दिसतही नाही. म्हणून अशा टाकीवर वेल्डिंगची ठिणगी पडण्याआधी टाकी पूर्ण रिकामी करून धुवावी लागते, येणारे-जाणारे पाइप नुसता व्हॉल्व्ह फिरवून नव्हे तर पत्रा घालून बंद करावे लागतात, मीटरने गॅस तपासावा लागतो आणि त्या दिवसाचे, त्या वेळेचे लेखी परमिट घ्यावे लागते. टाकीत उतरायचे असेल तर आतला प्राणवायू तपासणे, कमरेला पट्टा आणि दोर, आणि बाहेर एक माणूस सतत उभा. आतला बेशुद्ध पडला तर बाहेरच्याने तसेच उडी मारायची नाही. एकाला वाचवायला दुसरा आणि दुसऱ्याला वाचवायला तिसरा, असेच एका टाकीत तीन-तीन जीव जातात.

कारखान्याच्या सेप्टिक टाकीत माणूस उतरवणाऱ्यांनी तर आणखी लक्षात ठेवावे. सुरक्षा साधनांशिवाय तसे करायला लावणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई २०१४ मध्ये दहा लाख ठरवली होती, ती २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने तीस लाख केली. जातीने ज्या घाणीत आपल्या बापजाद्यांना उतरवले, त्याच घाणीत आपल्याच पोराला आपणच उतरवायचे? आणि त्याला उद्योजकता म्हणायचे?

ठेकेदार बांधव म्हणतील, वकीलसाहेबांना बोलायला काय जाते! कंपनी सर्वांत कमी दरवाल्याला काम देते. गॅसचा मीटर आणि पट्टा दरात धरला, तर काम दुसरा घेऊन जातो. हे खरे आहे, आम्ही नाकारत नाही. एकट्याने नकार दिला तर त्याची चूल बंद होते. पण म्हणूनच एकट्याने द्यायचा नाही! धाटाव असो की महाड, आपले ठेकेदार बांधव एकमेकांना ओळखतात, एका विहारात बसतात. सुरक्षेचा खर्च कोटेशनमध्ये वेगळा लिहायचा आणि त्याखाली कोणी जायचे नाही, एवढे ठरवायला काय हरकत आहे? चार जणांनी मिळून एक मीटर घ्यावा. कंपनीचे सही केलेले परमिट हातात आल्याशिवाय माणूस टाकीला हात लावणार नाही, हे लेखी द्यावे. कंपनी ऐकत नसेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे लेखी तक्रार करावी. तक्रारीची पोच तरी फाइलला राहते. उद्या न्यायालयात आम्ही तुमच्या बाजूने उभे राहिलो, तर आमच्या हातात हाच कागद लागेल.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. १९४६ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला, तो त्यांनी मांडलेल्या विधेयकामुळे. कामगाराच्या देहाची किंमत कायद्याच्या कागदावर लिहिणाऱ्यांत आपला बाप होता. आपण त्याचा फोटो ऑफिसात लावतो आणि त्याच फोटोखाली बसून विना परमिट माणूस टाकीत पाठवतो!

दरवर्षी २० मार्चला आपण महाडला चवदार तळ्यावर जातो. तिथून औद्योगिक वसाहत काही लांब नाही. यंदा जाताना आपल्या ठेकेदार बांधवांनी एक काम करावे. आपल्याकडे कामाला असलेल्या प्रत्येकाचे नाव, वय, रक्तगट आणि घरचा फोन नंबर एका वहीत लिहावा. नेमणूक पत्र कोणाला दिले आणि कोणाला नाही, तेही समोर लिहावे. ज्या नावासमोर जागा रिकामी राहील, त्याचे पत्र त्या रात्रीच तयार करावे. ती जागा भरण्यासाठी आमच्याकडे आलात तर आम्ही फी घेणार नाही. ॲफिडेव्हिट करायला मात्र कोणी येऊ नये.