भरतीच्या पातळीवर बेतलेला आराखडा

लंडनच्या पूर्वेला, वुलविचजवळ, थेम्स नदीच्या तळाशी पोलादी दरवाजे आडवे निजलेले असतात. त्यांतले मोठे चार प्रत्येकी ६१ मीटर रुंद. वरून जहाजं खुशाल ये-जा करतात. समुद्राचं मोठं पाणी येणार असा अंदाज आला, की हे दरवाजे काँक्रीटच्या खोबणीतून गोल फिरत वर येतात आणि पाच मजली इमारतीएवढी भिंत नदीत उभी राहते.

दरवाजे मिटतात ते ओहोटी असतानाच. तेव्हा आतल्या बाजूचं पात्र रिकामं असतं, आणि वरून वाहत येणारं नदीचं पाणी साठायला जागा तर हवीच! बाहेर भरती चढत जाते, कळसाला पोचते, उतरू लागते. दोन्ही बाजूंचं पाणी एका पातळीला आलं, की मगच वाट मोकळी होते.

हे मोठं पाणी येतं कुठून? वादळात हवेचा दाब १ मिलिबारने घटला की समुद्र साधारण १ सेंटिमीटर फुगतो. उत्तर समुद्रात हा फुगवटा वाऱ्याने दक्षिणेकडे रेटला जातो. तिकडे समुद्र अरुंद आणि उथळ होत गेलेला, त्यामुळे पाणी पसरायचं सोडून वर चढतं. त्यातच उधाणाची भरती गाठली तर काय होतं, ते ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री दिसलं. इंग्लंडच्या किनाऱ्यावर ३०७ माणसं गेली, नेदरलँड्समध्ये १,८०० हून अधिक.

त्या रात्रीनंतर सुरू झालेल्या विचारातून हा थेम्स बॅरियर उभा राहिला आणि १९८२ पासून कामाला लागला. समुद्र वर्षाला ८ मिलिमीटर चढेल असं धरून आखणाऱ्यांनी २०३० पर्यंतची तजवीज केली होती. प्रत्यक्षात पाणी त्याहून सावकाश चढलं. म्हणून हेच दरवाजे आता २०७० पर्यंत साथ देतील असा अंदाज आहे. आधीच्या पिढीने हात न आखडता उंची राखून ठेवली आणि नंतरच्यांना विचार करायला चाळीस वर्षं जास्त मिळाली. मला या सगळ्या हकिकतीत हे फार थोर वाटतं.

ती वर्षं कशी वापरायची, ते २०१२ साली आलेल्या ‘थेम्स एस्च्युअरी २१००’ या आराखड्यात आहे. शतकाअखेर पाणी ९० सेंटिमीटर वाढेल असं धरावं, तर अगदी टोकाचा अंदाज २.७ मीटरपर्यंत जातो. कमी धरलं तर शहर धोक्यात, जास्त धरलं तर नको त्या भिंतींवर पैसा. मग आराखडा करणाऱ्यांनी कामं पाण्याच्या पातळीला जोडली. भिंती उंच करायच्या, बॅरियर सुधारायचा, की नदीच्या खालच्या अंगाला नवा बांधायचा? प्रत्येक कामाला किती वर्षं लागतील ते मोजलं आणि पाणी कुठवर आलं की त्याची तयारी सुरू करायची, ते आधीच ठरवून ठेवलं. समुद्राने घाई केली तर काम अलीकडे ओढायचं, तो रेंगाळला तर पुढे सरकवायचं. शंभर वर्षांचा आराखडा असा जिवंत ठेवता येतो, हे समजलं तेव्हा मी थक्क झालो.

अर्थात, त्यासाठी सतत मोजत राहावं लागतं. समुद्राची पातळी, नदीचे पूर, भिंतींची अवस्था अशा दहा गोष्टींवर नजर असते. दरवाजे किती वेळा मिटावे लागले, हीसुद्धा त्यांतलीच एक. २०१३-१४ च्या हिवाळ्यात ते ५० वेळा मिटले, आणि त्यांतल्या ४१ वेळा कारण होतं नदीचा पूर; भरती बाहेर अडवली की पुराच्या पाण्याला आत जागा मिळते. इतक्यांदा मिटू लागले तर डागडुजीला उसंत कुठून मिळणार?

२०२३ साली आराखड्याची उजळणी झाली. बॅरियरच्या वरच्या अंगाच्या भिंती २०६५ पर्यंत उंच करायच्या होत्या. ती मुदत २०५० वर आली. बॅरियरचं पुढे काय करायचं, ते २०४० पर्यंत ठरवायचं आहे. तोवर काठावरची जागा अडवली जाऊ नये, यावर आराखड्याचा भर आहे. नदीलगत नवी इमारत उठते तेव्हा भिंतीच्या मागे मोकळी पट्टी सोडायला हवी, कारण उद्या भिंत चढवायची तर यंत्रं तिथूनच आणावी लागतील आणि पायाही तिथेच रुंद करावा लागेल.