रबराच्या विमानाचा तोल

सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे वाऱ्याचे. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या राहिल्या, त्या उगीच नव्हेत. परंतु जो वारा पवनचक्की फिरवितो, तोच कामट्यांच्या आणि पतंगी कागदाच्या दहा-पंधरा ग्रॅम वजनाच्या विमानाला क्षणांत बाभळीवर नेऊन टाकतो. म्हणून रबराच्या पिळावर चालणारें विमान उडवावयाचें तर शाळेचें सभागृह किंवा लग्नसराई नसतांना एखादें मंगलकार्यालय शोधावें, दारें-खिडक्या लावाव्या आणि छताचे पंखे बंद करावे. आंत वारा नसतो. तेव्हां विमान कोसळलें तर दोष विमानांतच आहे हें निश्चित होतें. बंदिस्त उड्डाणाचा खरा लाभ हाच होय.

या विमानांत वैमानिक नसतो. हातांतून सुटल्यावर त्याला सांवरणारें कोणी नाहीं. तोल त्याच्या घडणींतच असावा लागतो. आल्फोंस पेनो या फ्रेंच तरुणानें १८७१ च्या ऑगस्टमध्यें पॅरिसच्या एका बागेंत असें विमान ११ सेकंद स्थिरपणें उडवून दाखविलें. त्याची युक्ति साधी होती. शेपटीची पुढची कड पंखांच्या मानानें किंचित् खालीं ठेवावयाची. मग नाक खालीं गेलें तर वेग वाढून तें आपोआप वर येतें, आणि वर गेलें तर वेग मंदावून खालीं येतें. पंखांचीं टोकें थोडीं उचललेलीं असलीं म्हणजे आडवा तोलहि असाच संभाळला जातो.

तोल साधण्याचें काम दोन टप्प्यांनीं करावें. प्रथम रबराला पीळ न देतां विमान खांद्याच्या उंचीवरून हलकेंच पुढें सोडावें, फेंकूं नये. तें उसळी घेऊन थबकलें व नाकावर पडलें, तर नाकाला मुगाएवढी मेणाची गोळी लावावी किंवा पंखाची पुढची कड कागदाच्या जाडीइतकी उतरवावी. तें सरळ जमिनीकडे धांवलें, तर याच्या उलट करावें.

दुसरा टप्पा पिळाचा. आरंभीं ५०-६० पीळ पुरेत. घसरतांना नीट उतरणारें विमान आतां उसळ्या घेऊं लागलें, तर मेणाला किंवा पंखाला हात लावूं नये. दोष फिरकीच्या ओढीचा आहे. तेव्हां फिरकीचा आंसच थोडा खालीं कलवावा. पुष्कळांची चूक नेमकी येथें होते. एका टप्प्यांतला दोष ते दुसऱ्या टप्प्याच्या उपायानें घालवूं पाहतात आणि साधलेलें तेंहि गमावतात.

फिरकी मागून पाहतां घड्याळाच्या कांट्यांप्रमाणें फिरत असेल, तर प्रतिक्रियेनें विमान डावीकडे कलतें. सभागृहाला भिंती असल्यामुळें विमानानें गोल फिरणें अवश्यच असतें. म्हणून हा कल मोडूं नये, वापरावा. उभ्या सुकाणूची मागची कड केसभर डावीकडे वळवावी, आणि डावा पंख फार खचूं नये म्हणून त्याची पुढची कड किंचित् उंचवावी. मग पीळ हळूहळू वाढवावा. विमान छताला लागलें तर कांहीं पीळ सोडून द्यावे किंवा रबर बारीक घ्यावें. पुष्कळ पीळ शिल्लक असतांनाच तें उतरलें, तर रबर थोडें जाड किंवा आंखूड हवें. पीळ देतांना रबर चार-पांच पट ताणून धरावें व पीळ भरत जाईल तसतसें जवळ यावें. त्याला ग्लिसरिनचा किंवा एरंडेलाचा हात द्यावा. रॉकेल लावूं नये. त्यानें रबर फुगून नासतें.

सातारा समुद्रसपाटीपासून सुमारें ७४० मीटर व सांगली सुमारें ५५० मीटर उंच आहे. पण हवेच्या विरळपणांतील एवढ्या फरकापेक्षां पावसाळ्याची ओल अधिक जाचते. कागद सैल पडतो, पंख मुरडतात, आणि काल सरळ उडालेलें विमान आज गिरकी खातें. यास्तव प्रत्येक खेळापूर्वीं पंख डोळ्यांसमोर धरून पाहावे.

परदेशांत अशा उड्डाणांच्या स्पर्धा होतात. रुमानियांतील स्लानिक येथें मिठाच्या जुन्या खाणींतहि त्या भरल्या आहेत. तेथील विमानें दीड ग्रॅमच्या आसपास वजनाचीं असून अर्ध्या तासापर्यंत तरंगतात. परंतु मंगलकार्यालयांत एक मिनिट फिरलेल्या कामट्यांच्या विमानाची शिकवण त्याहून उणी नाहीं.

पहिल्या दिवशीं विमान तीनदां आपटलें, कीं 'मला जमत नाहीं' म्हणून मुलगा तें माळ्यावर टाकतो, आणि पुढें गणिताविषयींहि तेंच म्हणूं लागतो. वस्तुतः त्यानें एकाच वेळीं चार बदल केलेले असतात. कोणत्या बदलानें काय घडलें हें त्याला कळावें कसें? एका उड्डाणास एकच बदल, आणि तो लगेच वहींत टिपलेला, एवढा नियम पुरे. घरांतील वडील माणसांनीं विमान स्वतः दुरुस्त करून देऊं नये. "या खेपेस काय बदललेंस?" एवढेंच विचारावें, आणि पुढच्या उड्डाणाची वाट पाहावी.